बिननावाची विशेषणं

भूम तालुक्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जो कोणी लग्नाच्या मांडवात शिरला तो थोर झाल्याशिवाय बाहेर पडलेला नाही, आणि याचं सगळं श्रेय माझ्या साडूंना जातं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पोटापाण्यासाठी त्यांनी एका शाळेत लिपिकाची नोकरी केली, ती आता संपली; पण शाळेच्या फाटकाबाहेर त्यांना लिपिक म्हणून कुणी कधी ओळखलंच नाही. त्यांची ओळख माइकची. आमच्या भागातल्या लग्नात नवरा-नवरीइतकाच आणखी एक माणूस आवश्यक असतो. तो मांडवाच्या कोपऱ्यात माइक धरून उभा राहतो आणि येणाऱ्या पाहुण्यांची नावं पुकारून त्यांचं सहर्ष स्वागत करतो. पाहुणा पुढारी असेल तर नावाआधी विशेषणं लागतात, आणि विशेषणं साडूभाऊंइतकी कुणाकडंच नव्हती. कार्यसम्राट, विकासपुरुष, पाणीदार नेतृत्व, गोरगरिबांचे कैवारी, तरुणांच्या गळ्यातले ताईत, भावी आमदार, माजी भावी आमदार. यातलं शेवटचं मी घातलं. ते त्यांनी कधी वापरलं नाही, पण वापरायची वेळ अनेकदा आली होती.

मला त्यांचा आवाज आठवतो तो मात्र मांडवातला नव्हे, माळावरचा. लग्नसराईत आम्ही धाराशिवहून भूमला जायचो तेव्हा दुपारचं जेवण झालं की मी त्यांच्या शेतातल्या चिंचेखाली बाज टाकून पडत असे. समोर माळ, माळाच्या टोकाला पवनचक्क्या, आणि त्यांची पाती इतक्या सावकाश फिरायची की पाती फिरतायत की आपली मान कलतेय ते कळू नये. ऊन पांढरं झालेलं असायचं. अशा वेळी कुठल्यातरी लांबच्या वाडीतून, ओढे-नाले ओलांडून, साडूभाऊंचा आवाज यायचा. वाऱ्यावर यायचा म्हणून तुकड्यातुकड्यानं यायचा. वारा आला की ‘दीनदुबळ्यांचे आधारस्तंभ’. वारा पडला की नुसता होला घुमायचा. पुन्हा वारा आला की ‘ज्यांच्या शब्दाला मुंबईत वजन आहे असे’. नाव कधीच ऐकू यायचं नाही. नावाच्या वेळेला वारा नेमका पडायचा. अर्धवट झोपेत मग ती विशेषणं माळावर मोकळीच चरतायत असं वाटायचं, गुराखी नसलेल्या शेळ्यांसारखी. आणि डोळा पुरता लागायच्या आधी, खोटं कशाला बोलू, त्यातली एकदोन आपलीच आहेत असंही वाटून जायचं.

साडूभाऊ हे सगळं फार गांभीर्यानं करत. कुठलं विशेषण कुणाला, याचे त्यांचे नियम पक्के होते. ‘कार्यसम्राट’ फक्त निवडून आलेल्याला. पडलेला असेल तर ‘संघर्षयोद्धा’. साठीच्या आतले सगळे ‘युवा नेते’. ‘लोकनेते’ हे शक्यतो हयात नसलेल्यांसाठी राखून ठेवायचं, पण एखाद्याची प्रकृती फारच नाजूक असेल तर सवलत. मी एकदा म्हणालो, “साडूभाऊ, ही सगळी माणसं तुम्ही म्हणता तशी असती तर आपल्या तालुक्यात एव्हाना समुद्र आला असता.” ते रागावले नाहीत. ते म्हणाले, “साडूसाहेब, माणसाला चांगलं म्हणलं की तो थोडा वेळ तरी ताठ बसतो. मांडवात तेवढंच लागतं.” मला ते साडूसाहेब म्हणत. ‘साहेब’ लावल्याशिवाय त्यांच्या तोंडून कुणाचंही नातं बाहेर पडत नसे.

एका लग्नात मंगलाष्टकं संपत आली होती. गुरुजी ‘शुभमंगल’पर्यंत पोचले आणि ‘सावधान’ म्हणणार एवढ्यात मांडवाच्या तोंडाशी गाडीचं दार वाजलं. साडूभाऊंनी हातानंच गुरुजींना थांबवलं. हार हवेत राहिले. पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या. गाडीतून एकामागून एक युवा नेते उतरत होते, आणि साडूभाऊ कुणाचंही एक विशेषण कमी करायला तयार नव्हते. अंतरपाट धरून उभ्या असलेल्या मामाचे हात भरून आले, पाट हळूहळू खाली आला, आणि नवरा-नवरीनं एकमेकांना मुहूर्ताच्या आधीच निवांत पाहून घेतलं. तो संसार उत्तम चालला आहे. साडूभाऊ त्याचंही थोडं श्रेय घेतात.

आवाजासाठी ते दही खात नसत, गार पाण्याला शिवत नसत, आणि भर वैशाखात गळ्याला मफलर गुंडाळून हिंडत. एसटीत चढले की वाहकाची ओळख शेजारच्या प्रवाशाला करून देत: “हे आपले कर्तव्यदक्ष वाहक.” कर्तव्यदक्ष म्हटल्यावर वाहकाला सुटे पैसे परत द्यावेच लागत. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते दवाखान्यात भेटायला आले आणि डॉक्टर वॉर्डात शिरताच उठून उभे राहून त्यांचं असं काही स्वागत केलं, की पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली आणि त्याचं सलाइन निघालं. घरी बायकोलाही ते सोडत नसत. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. “आमच्या अन्नपूर्णेच्या हातची आमटी,” असं ते सुरू करत, आणि अक्का स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “आधी जिरं आणा, मग अन्नपूर्णा म्हणा.”

या कामाचा त्यांनी कधी मोबदला घेतला नाही. शाल आणि नारळ घ्यायचे, आणि एक अट घालायचे: लग्नाच्या चित्रीकरणाची एक प्रत मला पाहिजे. आधी सीडी, मग पेन ड्राइव्ह. ते सगळं लाडवाच्या एका स्टीलच्या डब्यात ठेवलेलं असे. पावसाळ्यात लग्नं नसायची तेव्हा साडूभाऊ दुपारी ती लग्नं लावून बसत. नवरा-नवरी आली की पुढं ढकलत, स्वतःचा आवाज आला की मान डोलवत. कधी कपाळाला हात लावत: “इथं श्वास चुकला.”

त्यांची एकुलती एक मुलगी, आमची भाची, या आवाजाखाली वाढली. ती चौथी पास झाली तेव्हाही गल्लीत तिचं स्वागत ‘गुणवंत, कीर्तिवंत’ असं झालं होतं. अशा घरात वाढलेलं लेकरू एकतर फार बोलकं होतं किंवा अजिबात बोलेनासं होतं. ती दुसऱ्या वाटेनं गेली. कॉलेजसाठी धाराशिवला आली, आमच्या घराजवळच खोली घेऊन राहिली, आणि पदवीनंतर सरकारी भरतीच्या परीक्षा देत राहिली. त्या परीक्षा कधी पुढं जायच्या, कधी रद्द व्हायच्या, कधी झाल्या तरी झाल्या नाहीत असं जाहीर व्हायचं. रविवारी ती आमच्याकडं जेवायला यायची आणि ‘आणखी वाढू का’ याला मान हलवून उत्तर द्यायची. पुस्तक नेताना पुस्तक दाखवायची, आणून देताना टेबलावर ठेवायची. या मुलीनं दोन मैत्रिणींना घेऊन, खोलीच्या भिंतींना गोधड्या लटकवून, रॅपचा अल्बम केला आहे, हे मला कळलं तेव्हा मी बायकोला दोनदा विचारलं, आपलीच का?

रॅपविषयी माझं ज्ञान बेताचंच. गाण्यात सूर असावा अशी माझी जुनी समजूत आहे. पण एका रविवारी जेवणं झाल्यावर तिनं तो अल्बम आम्हाला ऐकवला, आणि मी हात न धुता बसून राहिलो. आमच्या घरात इतकी वर्षं न बोललेलं सगळं ती एका दमात बोलत होती. टँकरच्या रांगेविषयी, रद्द झालेल्या परीक्षेविषयी, एकाच रस्त्याच्या तीन उद्घाटनांविषयी, डोंगर ज्यांचा आणि वारा ज्यांचा त्यांच्या घरी वीज का नाही याविषयी. शब्द इतके भराभर येत होते की माझ्या वयाचा माणूस एक ओळ पकडेपर्यंत पुढच्या चार निघून जात. आणि मग एकदम ढोल थांबायचा, शांतता व्हायची, आणि त्या शांततेत, लांबच्या माळावरून आल्यासारखा, साडूभाऊंचा आवाज यायचा. “रिकामा हंडा, रिकामी घागर, रिकामं नळाचं तोंड,” असं ती म्हणायची, आणि साडूभाऊ भरल्या गळ्यानं, अत्यंत प्रामाणिकपणे म्हणायचे, “पाणीदार नेतृत्व.” पुन्हा ढोल. “तरुणांच्या गळ्यातले ताईत.” पुन्हा ढोल. तिनं डब्यातली सगळी लग्नं ऐकून त्यातून विशेषणं तेवढी कापून घेतली होती. नावं टाकून दिली होती. चिंचेखाली माझ्यासाठी जे काम वारा करायचा ते तिनं यंत्रावर केलं होतं.

मी हसलो, मग हसू आवरलं. साडूभाऊंना ती आणि सगळं गाव अण्णा म्हणतं. विचारलं, “अण्णांना माहीत आहे?”

“विचारूनच घेतलंय, काका,” ती म्हणाली. “म्हणलं, तुमचा आवाज घेऊ का गाण्यात. ते म्हणले, विचारायचं काय त्यात. डबाच दिला उचलून.”

“गाणी कशावर आहेत ते सांगितलंस?”

“सांगितलं, राजकारणावर. तर म्हणले, मग माझ्याशिवाय होणारच न्हाईत.” ती बोटानं टेबलावरचं पाणी पुसत राहिली. “ऐकलीत त्यांनी. आवाज स्वच्छ आलाय म्हणले. बाकी काईच न्हाय. त्यांना कळलंच न्हाय, काका. आणि कळलं तर ते परत माइक धरतील का, याची मला भीती वाटायलीय.”

आपल्या बापाचा आवाज तिनं जगापुढं ठेवला होता, पण बापाला त्यात काय ऐकू येईल याची ती रोज वाट पाहत होती.

साडूभाऊंना मात्र भूममध्ये जाहिरातीचं काम मिळाल्यासारखं झालं होतं. मफलरच्या आत एक छोटा स्पीकर बाळगून ते गावभर फिरू लागले. भेटेल त्याला थांबवत, गाणं ऐकवत आणि अभिप्राय विचारत. आठवडी बाजाराच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो. खव्याच्या भट्टीवर त्यांनी पहिलं गाणं लावलं. भट्टीवाला मोठ्या कढईत उलथनं फिरवत होता. तो थोडा वेळ तालावर फिरवून बघायला लागला, मग थांबला. “लई फास्ट हाय, अण्णा. ह्याच्यावर खवा करपंल.” साडूभाऊंनी गंभीरपणे मान डोलावली. बाजारातल्या एका म्हातारीनं कान देऊन ऐकलं आणि विचारलं, “पोरगी एवढी कामून चिडलीय? जेवली न्हाय का?” एका निवृत्त मुख्याध्यापकांनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं आणि सांगितलं, की विचार चांगले आहेत, मात्र दोन विचारांच्या मध्ये थोडी विश्रांती हवी होती. सलूनवाला म्हणाला, हे लावल्यापासून गिऱ्हाईक मान हलवतंय, वस्तरा धरवत न्हाय. एसटी स्टँडवर मात्र कॉलेजच्या मुलामुलींचा घोळका होता, आणि त्यांना गाणं तोंडपाठ होतं. साडूभाऊंनी स्पीकर बंद केला तरी ती पुढं म्हणतच राहिली, आणि त्यांच्या आवाजाची जागा आली की सगळी एकदम छाती फुगवून, हात जोडून, “गोरगरिबांचे कैवारी,” असं म्हणून खिदळली. साडूभाऊ मला म्हणाले, “बगा, तरुण पिढीत आदर शिल्लक हाय.” मी चहा मागवला.

पण सगळ्यात मोलाचा अभिप्राय यायचा होता. आमच्या तालुक्यात दोन साहेब आहेत, एक आजी आमदार आणि एक माजी. दर निवडणुकीला ते जागा बदलतात. गाण्यात नावं नसल्यामुळं झालं असं, की दोघांच्याही कार्यकर्त्यांना ती विशेषणं आपल्याच साहेबांची वाटली. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. ती दोघांचीही होतीच, आलटून पालटून. आजी साहेबांच्या लोकांनी गाणं फोनवर वाजायला ठेवलं. माजी साहेबांच्या लोकांनी हरकत घेतली. चौकात दोन जाणती माणसं एकमेकांसमोर उभी राहून भांडली. “पाणीदार आमच्या साहेबांना म्हणलेलं हाय. तुमी कामून वाजवायलाव?” “तुमच्या साहेबांनी कुटं पाणी आणलं?” “तुमच्या तरी कुटं आणलं?” एवढ्यावर भांडण थांबलं, कारण दोघांनाही पुढचं उत्तर नको होतं. अल्बमवरची इतकी नेमकी समीक्षा मी नंतर कुठंच ऐकली नाही.

आजी साहेबांच्या वाढदिवसाला मिरवणुकीत ते गाणं वाजणार असं ठरलं. एवढंच नव्हे, तर ज्यांच्या आवाजानं गाण्याला शोभा आली त्या साडूभाऊंचा चौकातल्या मंचावर सत्कार ठरला. साडूभाऊंनी मफलर धुऊन घेतला. भाची धाराशिवहून आली नाही. मी गेलो, कारण असा प्रसंग आयुष्यात पुन्हा येणार नाही असं मला वाटलं, आणि कारण त्यांच्याबरोबर कुणीतरी असावं असंही वाटलं.

संध्याकाळ होती. पिवळा गुलाल उडत होता आणि त्यातून सगळं गाव लांबचं, जुन्या रंगवलेल्या फोटोतलं असल्यासारखं दिसत होतं. ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर होते. गाणं सुरू झालं. मी मंचाच्या पायरीशी उभा राहून पाहत होतो. एका बाजूला फेटे बांधलेली जाणती माणसं नाचत होती. त्यांना भाचीचे भराभर शब्द कळत नव्हते, विशेषणं तेवढी कळत होती, आणि प्रत्येक विशेषणाला ती साहेबांकडं बोट करून हात उंचावत होती. दुसऱ्या बाजूला पोरंपोरी नाचत होती. त्यांना सगळंच कळत होतं. एकाच गाण्यावर अख्खं गाव नाचत होतं, एक अर्धं गाव आदरानं आणि दुसरं अर्धं हसत. साहेब हात जोडून झुलत होते. त्यांनी शेजारच्याला सांगितलेलं मला ऐकू आलं: “तरुण पोरं आपल्या कामाची दखल घ्यायलीत.”

साडूभाऊ त्यांच्या शेजारी शाल पांघरून उभे होते. ‘पाणीदार नेतृत्व’ आलं आणि खालून हशा आला. ते हसले. ‘गोरगरिबांचे कैवारी’ला पुन्हा हशा आला, या वेळी मोठा. साडूभाऊंचं हसू तसंच राहिलं, पण मान किंचित कलली. आयुष्यभर त्यांनी मांडव ऐकला होता. कुणाच्या नावाला गर्दी कशी हलते, कुठली टाळी मनातली आणि कुठली हातातली, हे त्यांना डोळे मिटून कळायचं. तिसऱ्या हशाला त्यांनी खरोखरच डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत उघडले नाहीत. मग नारळ घेऊन खाली उतरले आणि मला म्हणाले, “ध्वनिव्यवस्था चांगली होती.” वाटेत शाळेतले एक जुने सहकारी भेटले, त्यांना त्यांनी नुसत्या नावानं हाक मारली. ते बिचारे तब्येत बरी आहे ना, म्हणून विचारत राहिले.

त्यानंतर साडूभाऊंचा घसा बसला. घसा ठणठणीत होता, पण ते सांगत तसं. लग्नपत्रिका घेऊन लोक येत आणि ते गळ्याकडं बोट दाखवत. मफलर काढून ठेवला. एके दिवशी वाटीभर दही खाल्लं, आणि अक्का माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या, “काहीतरी बिनसलंय गं. चार दिवस झाले, मला कुणी अन्नपूर्णा म्हणलं न्हाय.” भाची लगेच गेली. तिनं बापाला सरळ सांगितलं, “अण्णा, गाणी काढून टाकते. एका बटणाचं काम हाय.” ते पेपर वाचत होते. म्हणाले, “सांगतो.” आणि सांगितलं नाही. दर रविवारी ती आमच्याकडं येऊन ताटावर बसायची आणि मी डोळ्यांनी विचारायचो. ती मान हलवायची. तिला आता हजारो लोकांचे अभिप्राय येत होते. कुणी शिव्या देत, कुणी पाया पडत, कुणी तिच्यावर लेख लिहिण्याची धमकी देत होतं. ती ते वाचतही नव्हती.

उन्हाळ्याच्या अखेरीस खव्याच्या भट्टीवाल्याच्या मुलीचं लग्न निघालं. तो पत्रिका घेऊन आला, साडूभाऊंनी गळ्याकडं बोट दाखवलं. पण तो उठेना. बसल्या जागी टोपी काढून मांडीवर ठेवली. “अण्णा, भावकीतल्या समद्या पोरींच्या लग्नात तुमी बोललाव. माझीच मुकी जायची का?” साडूभाऊंनी ती टोपी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, “येतो. पण मला आता जास्तीचं काही जमायचं न्हाय.” तो म्हणाला, “जेवढं निघंल तेवढं.”

भूमजवळच्या त्याच्या वाडीवर झालेल्या त्या लग्नाला आम्ही सगळे होतो, भाचीसुद्धा. ती मांडवाच्या शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बसली होती. साडूभाऊंनी माइक हातात घेतला, फुंकर मारली, आणि पाहुण्यांचं स्वागत सुरू केलं. पण कसं, तर कुणी शेजारणीला सांगावं तसं. “पाथरूडचे पाव्हणे आले. या. उन्हात आलाव, आधी पाणी प्या.” “नवरीची मावशी उमरग्याहून आली, दोन एसट्या बदलून.” “गुरुजींच्या आई आल्यात, त्यांना खुर्ची द्या, पंख्याखाली.” लोक एकमेकांकडं बघू लागले. मंगलाष्टकांना थोडा अवकाश होता तेव्हा मांडवाच्या तोंडाशी गाड्या थांबल्या. आजी साहेब उतरले. सवयीनं त्यांनी हात जोडले, एक पाय मांडवात टाकला आणि थांबले, कारण पुढचा पाय विशेषणं संपल्यावर टाकायचा असतो.

साडूभाऊंनी त्यांचं नाव घेतलं, वडलांचं नाव घेतलं, आडनाव घेतलं. आणि म्हणाले, “आलेत. या, बसा.”

मग ते थांबले. मांडवात पंख्याचा खडखडाट ऐकू येऊ लागला. साहेब एक पाय आत, एक पाय बाहेर, हात जोडलेले, असे राहिलेल्या विशेषणांची वाट बघत उभे राहिले. साऊंडवाल्यानं वायर हलवून पाहिली. कार्यकर्त्यांनी कोपऱ्यातल्या स्पीकरकडं वर पाहिलं, जणू उरलेलं तिथंच अडकलं असावं. मी शेवटच्या रांगेकडं पाहिलं. भाची उठून उभी राहिली होती.

शेवटी साहेबांनी दुसरा पाय आत घेतला आणि जी पहिली रिकामी खुर्ची दिसली तिच्यावर बसले. शेजारी घोंगडं घेतलेला एक धनगर म्हातारा बसला होता. त्यानं त्यांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, “कुण्या गावचे पाव्हणे?”

साहेबांनी गावाचं नाव सांगितलं. म्हातारा म्हणाला, “व्हय का? तिकडं चारा हाय का औंदा?” साहेबांनी जोडलेले हात सोडून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, “न्हाय.” आणि दोघं बोलत राहिले. नेहमी अक्षता पडायच्या आत निघून जाणारे साहेब त्या दिवशी पंगतीला बसून जेवून गेले. जाताना साडूभाऊंकडं त्यांनी एकदा पाहिलं. रागानं पाहिलं का, ते मला सांगता येणार नाही. थकलेल्या माणसासारखं पाहिलं, एवढंच.

त्यानंतर मोठ्या लोकांच्या लग्नांत साडूभाऊंना बोलावणं जवळजवळ बंद झालं, हे सांगायला हवं. नवा एक निवेदक आला आहे, तो विशेषणांना गाण्याची चाल लावतो. साडूभाऊंकडं आता वाड्या-वस्त्यांवरची लग्नं येतात, तीही मोजकी. त्यांना याचं वाईट वाटतं. ते तसं म्हणत नाहीत, पण नवा माणूस बोलताना ऐकला की त्यांचे ओठ हलतात, आणि कुठं श्वास चुकला ते मला खुणेनं दाखवतात.

पण मी भट्टीवाल्याकडच्या लग्नाच्या संध्याकाळचं सांगत होतो. मांडव उतरवायला लागले होते. खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते, त्याचा आवाज येत होता. ऊन मऊ झालं होतं आणि चुलाणांचा धूर मांडवाच्या कापडाखाली अडकून राहिला होता, त्यामुळं सगळी माणसं पाण्यातून चालल्यासारखी वाटत होती. साडूभाऊ माइकची वायर गुंडाळत होते. भाची येऊन शेजारी उभी राहिली. ते वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “गाणी राहू दे.”

तिनं वायरीचं दुसरं टोक उचललं.

“त्यातलं पाचवं हाय बघ. तू परीक्षेच्या निकालाची वाट बघत खोलीत बसलीस, ते.”

“त्यात तुमचा आवाज न्हाय, अण्णा.”

“तेच म्हणायलोय. त्यात तू सावकाश बोललीस. मला समदं कळलं.” ते वायरीची गाठ मारायला लागले, ती त्यांना जमेना. “एवढं झालं होतं तुझं, तर घरी कामून बोलली न्हाईस?”

ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. अक्कांनी मला भांडी गाडीत ठेवायला हाक मारली. मी वळून पाहिलं तेव्हा ती दोघं रस्त्यानं भूमकडं चालत निघाली होती, गाडीची वाट न बघता. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा सांगत होती; आणि माझे साडू खाली मान घालून तिच्याबरोबर चालत होते, एक शब्दही न बोलता. आम्ही गाडीतून त्यांना मागं टाकून पुढं गेलो. अक्का म्हणाल्या, थांबवू नका, येऊ द्या चालत.